अंधार ठरवणारी दोन अक्षरं

माझ्या खालेची मुलगी यंत्रमागाच्या गावात मुलींची अभ्यासिका चालवते. एका जुन्या दुमजली घराचा वरचा मजला, मालकाने ट्रस्टला दिलेला. पूर्वेला गल्लीकडे एक खिडकी, मागच्या अंगाला चौक, आणि छताखाली दोन रोशनदान. दहावी-बारावीच्या मुली, दोन-तीन सीए करणाऱ्या, एक एमपीएससीची तयारी करणारी. घरात सात माणसं आणि एक खोली असली की अभ्यासिका ही चैन राहत नाही.

गेल्या वर्षी ट्रस्टने इमारतीचं काय करायचं यावर एका सल्लागाराकडून अहवाल करून घेतला. बहिणीने त्याची पीडीएफ मला पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली, ‘भाईजान, यात लिहिलंय की खोली अंधारी आहे. आम्ही तर दिवसा दिवाच लावत नाही.’

अहवाल देखणा होता. लाल-पिवळ्या-निळ्या रंगांत रंगवलेला खोलीचा नकाशा होता आणि त्यातला निळा भाग मोठा होता. निष्कर्ष असा : ‘नैसर्गिक प्रकाश अभ्यासासाठी अपुरा, सुधारणेस वाव नाही.’ पुढच्या पानावर इमारत पाडून नवी बांधण्याचं अंदाजपत्रक. ट्रस्टच्या बैठकीत कुणीच प्रश्न विचारला नाही. कॉम्प्युटरने काढलेलं चित्र होतं, त्याला काय विचारणार?

मी प्रकाशाच्या गणिताचं काम पोटापाण्यासाठी करतो. म्हणून सल्लागाराच्या कार्यालयाला विनंती करून मूळ फायली मागवल्या. त्यांनी त्या दिल्या, हे त्यांच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. त्या फायलींत जे सापडलं त्यावर हा लेख आहे. त्यात कुणाची लबाडी नव्हती. कुणीतरी दोन अक्षरं आणि एक आकडा विचार न करता टाइप केला होता, एवढंच. आणि तेवढ्यावर एक घर पाडायचं ठरत होतं.

ज्या सॉफ्टवेअरवर हे गणित झालं त्याचं नाव रेडियन्स. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी १९८५ च्या सुमारास ते लिहायला घेतलं. १९९४ मध्ये त्यावरचा त्यांचा मुख्य शोधनिबंध आला आणि २००२ पासून ते सर्वांना खुलं आहे. एक पैसा न देता कुणीही उतरवून घ्यावं. इमारतीत येणाऱ्या उजेडाचा हिशेब करणारी जगातली कितीतरी महागडी साधनं आतून याच इंजिनावर चालतात. वरून रंगीत बटणं असतात, आत रेडियन्स असतो.

मूळ रेडियन्सला मात्र बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या. एकच मोठा प्रोग्राम नाही, अनेक छोटे आहेत. जेनस्काय आकाश तयार करतो, ओकॉन्व्ह भिंती-खिडक्यांची मोट बांधतो, आरट्रेस एखाद्या बिंदूवर किती प्रकाश पडतो ते सांगतो, आरपिक्ट चित्र काढतो. प्रत्येकाला सूचना द्यायच्या त्या ऑप्शनमधून : आधी एक आडवी रेघ, मग एक-दोन अक्षरं, मग आकडा. ‘-एबी २’, ‘-एडी १०२४’, ‘-एए ०.१’ असं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही अक्षरं तावीजातल्या आकड्यांसारखी वाटतात, आणि दुर्दैव हे की पुष्कळ जण ती वापरतातही तशीच. कुणा सीनियरने दिलेली ओळ, तिचा अर्थ न विचारता, एका प्रकल्पातून दुसऱ्यात चिकटवत जातात.

जाता जाता एक गंमत. या पद्धतीला ‘किरणांचा माग’ म्हणतात, पण माग उलटा काढला जातो. किरण सूर्याकडून निघत नाही, डोळ्यातून निघतो. भिंतीवर आदळतो, तिथून पुढे, आणि शेवटी आकाशाला पोचतो. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि काहिरात काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी ‘किताब अल-मनाझिर’मध्ये सिद्ध केलं होतं, की डोळ्यातून किरण निघत नाहीत, वस्तूंकडून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो. युक्लिडपासून चालत आलेली समजूत त्यांनी मोडली. आणि कॉम्प्युटर पुन्हा युक्लिडच्या वाटेने चालतोय! कारण व्यवहारी आहे. सूर्याने फेकलेल्या किरणांपैकी तुमच्या टेबलापर्यंत पोचणारे नगण्य, उरलेल्यांचा हिशेब वाया. प्रकाशाची वाट दोन्ही दिशांनी सारखीच असते, म्हणून टेबलाकडून आकाशाकडे मोजत गेलं तरी उत्तर तेच येतं. हैसमसाहेबांची हरकत नसावी.

आता मुद्द्याचं ऑप्शन. ‘-एबी’. प्रकाश किती वेळा उसळून येतो ते हा आकडा सांगतो. तुम्ही तो टाइप केलाच नाही तर आरट्रेस आणि आरपिक्ट तो शून्य धरतात. म्हणजे भिंतीवर पडलेला उजेड तिथेच मरतो, पुढे जात नाही. अहवालाच्या फायलीत तो २ होता. दोनदा उसळला म्हणजे बरंच झालं की, असं वाटेल. पण इथे एक मेख आहे, आणि ती अनुभवी माणसंही विसरतात.

रेडियन्समध्ये आकाश हा बल्बसारखा थेट स्रोत धरत नाहीत. सूर्य थेट मोजला जातो, पण आकाशाचा पसरट उजेड याच उसळीच्या हिशेबात येतो. त्यामुळे पहिली उसळी टेबलावरून नुसतं आकाश दिसतंय का हे बघण्यात खर्च होते. ‘-एबी १’ म्हणजे टेबलाला आकाशाचा जो तुकडा दिसतो तेवढाच प्रकाश. ‘-एबी २’ म्हणजे त्यात भिंतीवरून एकदाच परतलेला प्रकाश मिळवलेला. बस्स.

मोठ्या काचेच्या कार्यालयाला हे चालून जातं. समोर मोकळं मैदान, जमिनीपासून छतापर्यंत खिडकी, टेबलावरून थेट आकाश दिसतं. पण आमच्या गल्लीत? तिथे आकाश दिसतं ते मान वर करून, पतंगाच्या शेपटीएवढं. खोलीत मधोमध बसलेल्या मुलीला आकाश दिसतच नाही. तिच्या वहीवर पडणारा उजेड आधी समोरच्या घराच्या भिंतीवर पडतो, तिथून खिडकीच्या वरच्या बाजूला, छतावर, छतावरून मागच्या भिंतीवर आणि मग वहीवर. चौकाकडून येणारा तर आणखी फिरून येतो : आकाश, चौकाची भिंत, चौकाची फरशी, पुन्हा भिंत, रोशनदान, छत. या वाटेवर तुम्ही दुसऱ्या उसळीला ‘थांबा’ म्हणालात तर त्या मुलीपर्यंत काही पोचणारच नाही. नकाशा निळाच येणार.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. समजा एक बंद डबा आहे आणि त्याच्या आतल्या बाजू पडलेल्या प्रकाशाचा ठरावीक वाटा परतवतात. मळकट, तपकिरी डबा असेल, ३० टक्के परतवणारा, तर दोनच पायऱ्या मोजून तुमच्या हाती एकूण प्रकाशाच्या ९१ टक्के लागतो. उरलेल्या ९ टक्क्यांसाठी कोण रडणार? पण डबा चुन्याने पांढराशुभ्र केलेला असेल, ७० टक्के परतवणारा, तर त्याच दोन पायऱ्यांत फक्त ५१ टक्के हाती लागतो. जवळजवळ अर्धा प्रकाश हिशेबाबाहेर. पाच पायऱ्या मोजा, ८३ टक्क्यांवर जाल. सात मोजा, तर ९२. खरी खोली डब्यासारखी बंद नसते, खिडकीतून प्रकाश बाहेरही जातो, त्यामुळे आकडे थोडे हलतील. कल बदलणार नाही. म्हणजे कमी ‘-एबी’ ठेवल्याने काळवंडलेल्या खोलीवर फारसा अन्याय होत नाही. जिने दरवर्षी ईदच्या आधी भिंतींना चुना दिला तिच्यावरच होतो. आपल्या आजी-नानींनी ज्या एका उपायाने अंधाऱ्या घरात उजेड आणला, नेमका तोच उपाय हा आकडा पुसून टाकतो.

मी बहिणीच्या खोलीचं गणित ‘-एबी’ ३ पासून वाढवत गेलो. प्रत्येक वेळी आकडा वर चढत होता. ६ आणि ७ मध्ये फरक नावापुरता उरला तेव्हा थांबलो. खोलीच्या मधल्या टेबलांवरचा उजेड अहवालापेक्षा दुपटीच्या आसपास निघाला. योग्य आकडा कोणता, असं विद्यार्थी मला विचारतात. तसा एकच आकडा नाही. वाढवत जा, उत्तर हलायचं थांबलं की तोच तुमच्या इमारतीचा आकडा. यासाठी पुस्तक लागत नाही, सबुरी लागते.

बाकीच्या ऑप्शनांचीही थोडी ओळख करून घ्यायला हवी, कारण ‘-एबी’ वाढवून कुणी सुटत नाही. ‘-एडी’ म्हणजे एका बिंदूवरून चहूकडे किती किरण पाठवायचे. कमी पाठवले तर छोटं रोशनदान किरणांच्या मधल्या फटीतून निसटतं, एका टेबलाला सापडतं आणि शेजारच्याला नाही, आणि नकाशावर कोड उठल्यासारखे डाग पडतात. इथला नियम कठोर आहे : चूक निम्मी करायची तर किरण चौपट लागतात. ‘-एएस’ हा त्याचा मदतनीस. जिथे उजेडात अचानक फरक दिसतो तिथे जादा किरण पाठवतो. ‘-एलडब्ल्यू’ ही किरणाच्या वजनाची किमान मर्यादा. ती फार वर ठेवली तर दुबळे किरण आधीच कापले जातात आणि तुम्ही मोठ्या हौसेने वाढवलेला ‘-एबी’ कागदावरच राहतो. ‘-एडी’ जितका मोठा, तितकी ही मर्यादा खाली न्यावी लागते.

‘-एए’ आणि ‘-एआर’ ही जोडी मात्र मला आमच्याकडच्या नवरा-बायकोसारखी वाटते, एकाला सोडून दुसऱ्याशी बोलता येत नाही. रेडियन्स प्रत्येक बिंदूवर नव्याने गणित करत नाही. थोड्या थोड्या अंतरावर करतो आणि मधलं अंदाजाने भरतो. १९८८ च्या एका निबंधात वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ही युक्ती नसती तर त्या काळच्या मशीनवर हे कामच झालं नसतं. अंदाज किती अचूक हवा ते ‘-एए’ सांगतो आणि बिंदू किती दाट बसू शकतात याची हद्द ‘-एआर’ ठरवतो. पण ही हद्द मीटरमध्ये नसते, अख्ख्या देखाव्याच्या आकाराच्या प्रमाणात असते. देखाव्याचा आकार गुणिले ‘-एए’ भागिले ‘-एआर’.

याचा अर्थ काय होतो बघा. घर आणि गल्ली मिळून १६ मीटरचा देखावा आहे, ‘-एए ०.१’ आणि ‘-एआर १२८’. हिशेब करा : सव्वा सेंटिमीटर. उत्तम, खिडकीची चौकटसुद्धा नीट पकडली जाईल. आता कुणीतरी जमीन दाखवायला खाली ८०० मीटर रुंदीची चकती ठेवली. बाकी काहीच बदललं नाही. तेच ऑप्शन, तेच आकडे. पण आता हद्द झाली साडेबासष्ट सेंटिमीटर. दोन फुटांपेक्षा मोठी! खिडकीजवळची भिंत, रोशनदानाचा कोनाडा, सगळं एका ब्रशने सारवल्यासारखं होतं. या अहवालात तशी चकती होती, याहूनही मोठी. कुणीतरी बहुधा चित्रात क्षितिज बरं दिसावं म्हणून टाकली असणार.

आता आकाशाकडे येऊ. जेनस्कायला गावाचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. ते दिले नाहीत तर तो मुकाट्याने बर्कलीच्या परिसरातलं, म्हणजे कॅलिफोर्नियातलं आकाश घेतो. प्रोग्राम जिथे जन्मला तिथलं आकाश. यात तक्रार करण्यासारखं काही नाही, कुणीही आपल्याच अंगणातून मोजायला सुरुवात करतो. गोम रेखांशात आहे. हा प्रोग्राम पश्चिमेकडचे रेखांश अधिक मानतो आणि पूर्वेकडचे उणे. म्हणजे पुण्याचे ७३.८६ पूर्व रेखांश ‘-ओ’च्या पुढे उणे ७३.८६ असे लिहायचे, आणि भारतीय प्रमाणवेळेचे ८२.५ ‘-एम’च्या पुढे उणे ८२.५.

दोहोंपैकी एकच उणे विसरलात तर वेळ दहा तासांहून जास्त चुकते, भर दुपारी सूर्य जमिनीखाली जातो आणि तुम्ही लगेच सावध होता. पण दोन्ही विसरलात तर? तर काहीच ओरडत नाही. पुण्यात सूर्याची वेळ घड्याळाच्या साधारण ३५ मिनिटं मागे असते. दोन्ही उणे गेले की ती ३५ मिनिटं पुढे जाते. एकूण ६९ मिनिटांची चूक. सूर्य दिसतो, सावल्या पडतात, चित्र सुंदर येतं आणि खोटं असतं. दोन चुका एकमेकींना झाकतात. अहवालात लिहिलं होतं की पूर्वेच्या खिडकीतलं ऊन दहाला संपतं. बहिणीला विचारलं तर म्हणाली, ‘अकरापर्यंत पडदा ओढून बसावं लागतं.’ मी आकाशाची फाइल उघडली. जेनस्कायची सवय चांगली, स्वतःला दिलेली आज्ञा तो फायलीच्या वरच्या ओळीतच लिहून ठेवतो. दोन्ही उणे गायब होते.

आणखी एक निवड होती, तिला चूक म्हणवत नाही, पण विचारायला हवं. उजेडाचा टक्का काढताना त्यांनी ‘-सी’ वापरलं होतं, म्हणजे पूर्ण ढगाळ आकाश. हे आकाश डोक्यावर उजळ असतं आणि क्षितिजाशी त्याच्या एक तृतीयांश. युरोपातल्या पाठ्यपुस्तकांतून आलेली ही रीत आहे, तिथल्या हिवाळ्याला साजेशी. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेचा हिशेब मात्र निरभ्र आकाशाचा आहे. सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर, थेट ऊन वगळलेलं, बाहेर ८००० लक्स. त्यातला १.९ टक्का, म्हणजे १५२ लक्स, अभ्यासाच्या खोलीला हवा. अहवालाने मर्यादा आपल्या संहितेची घेतली आणि आकाश दुसरीकडचं. मापटं एका दुकानातलं, तांदूळ दुसऱ्या.

हे सगळं मी ट्रस्टच्या बैठकीत सांगितलं तेव्हा दोन प्रतिक्रिया आल्या. त्यांपैकी पहिली ऐकून मला जास्त काळजी वाटली. एक तरुण सभासद, इंजिनिअर, उत्साहाने म्हणाला, ‘भाई, मग आपणच असा रिपोर्ट करू की खोली पास होईल. काहीतरी असेलच ना बदलायला?’ आहे. ‘-एव्ही’ नावाचं ऑप्शन आहे. तीन आकडे द्यायचे, लाल-हिरव्या-निळ्याचे. मोजणी जिथे संपते तिथे, कोपऱ्यांत, सावलीत, सगळीकडे तेवढा उजेड आहे असं मानून टाकायचं. चित्राला बरं दिसावं म्हणून ते आहे, आणि ज्याला आपल्या इमारतीचा खरा सरासरी उजेड ठाऊक आहे त्याच्या हातात ते उपयोगीही आहे. पण खोली तपासताना ते शून्यावर ठेवायचं असतं. नाहीतर तळघरही पास होईल. मी त्याला म्हणालो, त्यांनी अजाणता आपला उजेड चोरला, आणि आपण जाणूनबुजून अंधार चोरणार का? तो हसला. पण प्रश्न त्याने विचारला, आणि खोलीतल्या चार-पाच जणांच्या डोळ्यांत तोच प्रश्न होता. आपल्याविरुद्ध अहवाल आला की तो कट वाटतो, आणि आपल्या बाजूने खोटा करता आला तर ती हुशारी. ही खोड इतरांतही असेल, मी माझ्या घरातली सांगतोय.

दुसरी प्रतिक्रिया एका बुजुर्गांची. ते म्हणाले, ‘बेटा, हे तुला कळतं म्हणून आम्हाला कळलं. तू नसतास तर?’

याला माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते फार साधं आहे. रेडियन्स लपवत नाही. आरपिक्टने काढलेल्या प्रत्येक चित्राच्या डोक्यावर, ते चित्र ज्या आज्ञेने काढलं ती पूर्ण आज्ञा लिहिलेली असते. गेटइन्फो नावाचा छोटा प्रोग्राम ती वाचून दाखवतो. कधी, कोणत्या आकड्यांनी. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वीची ही शिस्त आजवर जपली आहे. अहवाल लिहिणारे मात्र त्या चित्राचा रंगीत फोटो काढून पीडीएफमध्ये चिकटवतात, आणि डोक्यावरची ओळ तिथेच गळून पडते. माझी मागणी इतकीच आहे की ती ओळ अहवालाच्या शेवटच्या पानावर छापा. अर्धं पानही लागणार नाही. आकाशाची आज्ञा, गणिताची आज्ञा, भिंतींसाठी किती परावर्तन धरलं तो आकडा. औषधाच्या पाकिटावर घटक छापतात, सगळे गिऱ्हाईक काही रसायनशास्त्र शिकलेले नसतात. पण ज्याला वाचता येतं त्याला दाखवता येतं. एखाद्या कॉलेजच्या मुलीला दाखवता येतं.

सल्लागारांची बाजू मला ठाऊक आहे, मीही त्याच धंद्यात आहे. वेळ नसतो, पैसे कमी मिळतात, ‘-एबी ७’ लावलं तर मशीन रात्रभर घुरघुरत बसतं. खरं आहे. वॉर्ड यांनाही ते कळत होतं, म्हणून त्यांनी ‘रॅड’ नावाचा प्रोग्राम दिला. त्याला तुम्ही साध्या शब्दांत सांगायचं, दर्जा कमी-मध्यम-उच्च, उजेडातला चढउतार किती, उसळ्या किती, आणि अवघड आकडे तो स्वतः बसवतो. बटणवाली साधनंही हेच करतात. चांगलंच आहे. पण ‘उसळ्या किती’ हे त्यालाही तुम्हीच सांगायचं असतं. खोली मैदानात आहे की गल्लीत, हे प्रोग्रामला कसं कळणार?

उलट टोकाची माणसंही मी पाहिली आहेत. ‘-एबी १२’, ‘-एडी’ लाखाच्या घरात, आणि भिंतीचं परावर्तन मात्र तक्त्यातून उचललेलं ५० टक्के. भिंतीला जाऊन हात लावलेला नाही. बारा उसळ्या त्याच चुकीच्या आकड्याला बारा वेळा गुणतात. लक्समीटर आणि एक पांढरा कागद घेऊन अर्धा तास खोलीत उभं राहिलं तर भिंतीचा बऱ्यापैकी अंदाज येतो. गावाला जाऊन मी तेच केलं. मुली अभ्यास सोडून माझ्याकडे बघत होत्या. एकीने विचारलं, ‘सर, भिंतीला ताप आलाय का?’

आता निकाल. सगळं दुरुस्त केलं : ‘-एबी ७’, चकती काढली, उणे घातले, आकाश संहितेचं घेतलं, भिंती मोजलेल्या, ‘-एव्ही’ शून्य. खोलीचा पुढचा आणि मधला भाग पास झाला. मागचा, चौकाच्या कोपऱ्याकडचा भाग नाही झाला. तिथली दोन टेबलं कमीच पडतात. मी ते तसंच लिहून दिलं. बहीण थोडी खट्टू झाली. तिला वाटत होतं भाई येईल आणि अहवाल खोटा ठरवेल. अहवाल अर्धा खोटा ठरला. ‘सुधारणेस वाव नाही’ हे वाक्य मात्र पूर्ण खोटं होतं. चौकाच्या भिंतींवरची पोपडे आलेली करडी खरवडून चुना दिला असं धरून मी गणित पुन्हा चालवलं, तेव्हा त्या दोनपैकी एक टेबल पास झालं.

ट्रस्टने इमारत पाडण्याचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. सल्लागारांनी माझं टिपण मागून घेतलं, उणे चिन्हाबद्दल फोनवर आभार मानले, बाकीच्यावर ‘बघतो’ म्हणाले. चुन्याचा खर्च कुणी करायचा यावर दोन सभासदांत अजून बोलणं चालू आहे. बहिणीने मागच्या कोपऱ्यातलं एक टेबल उचलून खिडकीजवळ आणलं. तिथे आता सीएवाली मुलगी बसते, आणि अकरापर्यंत पडदा ओढून ठेवते.